सेक्रेटरींची यादी

कॉम्प्युटरच्या पडद्याला बोट लावून नावं वाचणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. उजव्या हाताचं बोट नावावर टेकवायचं, नाव ओठातल्या ओठात म्हणायचं, मग बोट खालच्या नावावर न्यायचं. मी घाईघाईत यादी पुढे सरकवली की बोट तसंच राहायचं आणि म्हातारा माझ्याकडे असा बघायचा की जणू मी त्याच्या ताटातली भाकरी उचलली. काचेवर तेलकट ठसे उमटायचे. माझा स्वभाव मुळातच तापट, त्यात ती काच रोज मलाच पुसावी लागायची. मी म्हणायची, अहो सेक्रेटरी, रजिस्टर नाही हे. ते शांतपणे म्हणायचे, "असू दे गो बाय. माणसं मोजतंय."

लालबागला एका पिठाच्या गिरणीच्या माळ्यावर माझा कॉम्प्युटरचा क्लास होता. सहा मशिनं, त्यातली चार चालू. दुपारी दोन ते चार क्लास रिकामा असायचा, ती वेळ सेक्रेटरींची. त्यांना खरं नाव होतं, पण रेशनकार्डाबाहेर ते कुणी वापरलेलं मी ऐकलं नाही. भोईवाड्यातल्या एका चाळीत त्यांच्या गावच्या ग्रामस्थ मंडळाची खोली होती आणि कापडगिरण्यांच्या संपाच्या आधीपासून ते त्या मंडळाचे सेक्रेटरी होते. पुढे त्यांची कापडगिरणी बंद झाली, मग चाळ पाडली, खोलीही गेली. सेक्रेटरीपद मात्र कुणी काढून घेतलं नाही, कारण घ्यायला कुणी उरलंच नव्हतं.

गिरणगावात वाढलेल्यांना मंडळाची खोली काय असते ते सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते. एका गावची वीस-पंचवीस माणसं एका खोलीत राहायची. प्रत्येकाची एक ट्रंक, एक वळकटी. एक पाळीवरून आला की दुसरा पाळीवर जायचा आणि त्याच जागेवर पहिला अंग टाकायचा. गावाहून येणारी पत्रं, तारा, फणस सगळं मंडळाच्या पत्त्यावर यायचं. आणि एक रजिस्टर असायचं. त्यात नाव असलं की तुम्ही गावचे. मग आजारपणाला, लग्नाला, मयताला माणसं धावून येणार. कुणाचं काही झालं की घरोघर निरोप पोचवायचा, ते काम सेक्रेटरीचं.

गिरणी सुटल्यावर सेक्रेटरी गिरगावात एका ऑफिसांच्या इमारतीत लिफ्टमन झाले. तिथल्या एका वकिलाच्या कारकुनाने त्यांना मेलची यादी दाखवली. एक पत्र लिहायचं, एक बटण दाबायचं, यादीतल्या सगळ्यांना ते एका वेळी पोचतं. कुणी उत्तर दिलं तर तेही सगळ्यांना जातं. सेक्रेटरींनी त्याला तीन वेळा विचारलं, म्हणजे एक पोस्टकार्ड टाकलं तर दोनशे घरी? तो हो म्हणाला. रिटायर झाल्याच्या दुसऱ्याच आठवड्यात ते माझ्या क्लासचा जिना चढून आले. हातात एक जुनं रजिस्टर आणि एक वही होती. वहीत गावच्या माणसांचे, त्यांच्या मुलांचे मेलचे पत्ते होते, डोंबिवलीपासून दुबईपर्यंतचे. ते त्यांनी लग्नाच्या आमंत्रणांवरून, मुलांच्या व्हिजिटिंग कार्डांवरून जमवले होते.

परदेशातल्या एका फुकट सेवेवर मी त्यांची यादी बनवून दिली. सुरुवातीला ते सांगायचे आणि मी टाइप करायची. नंतर दोन बोटांनी स्वतः लिहायला लागले. मराठी अक्षरं तेव्हा धड उमटायची नाहीत, म्हणून इंग्रजी लिपीत मराठी. पण सुरुवात 'सप्रेम नमस्कार विनंती विशेष' अशी आणि शेवटी 'लोभ असावा', त्यात फरक नाही. पत्रात देवळाच्या उत्सवाची तारीख, कुणाच्या मुलीचं ठरलं, विहिरीला पाणी किती. आणि प्रत्येक पत्रात शेवटी एका बंद घराची हकिगत. पडवीचा वासा कुजला होता, बदलून घेतला. मागच्या आंब्याला यंदा मोहोर चांगला. मी वैतागून म्हणायची, ज्या घरात कुणी राहत नाही त्याच्या वाशाचं दोनशे माणसांना काय करायचंय? ते दोन बोटांनी पुढची ओळ लिहायला घ्यायचे.

यादीतलं कुणी वारलं तरी नाव काढायचं नाही, हा त्यांचा नियम. "नाव कापूचा नाय," एवढंच म्हणायचे. गिरणीत कामगार गैरहजर राहिला तर फाटकावर ताटकळणाऱ्या बदलीवाल्याला आत घेत, तो प्रकार त्यांनी इथे आणला. माणूस गेला की दिवसकार्य झाल्यावर ते त्याच्या मुलाला फोन करत, बापाची जागा रिकामी आहे, बदली म्हणून ये. सहा महिने त्याने पत्रांना उत्तरं दिली की यादीवर जाहीर करत, अमुक यांना पर्मनंट करण्यात आले आहे. कॅनडातल्या एका इंजिनिअरला असं पर्मनंट केलं तेव्हा त्याने खरोखर पेढे पाठवले होते. मी पोट धरून हसले होते.

चार वर्षं हे छान चाललं. मग त्या फुकट सेवेने कळवलं की आम्ही बंद करतोय, महिनाअखेरपर्यंत आपापलं सामान हलवा. गावचाच एक मुलगा पुण्यात कॉम्प्युटर कंपनीत होता. त्याने नवा सर्व्हर भाड्याने घेतला आणि फोनवर मला सगळं समजावलं. जुनी पत्रं उतरवून इकडे चढवायची. नावांचं मात्र तसं नाही. जुन्या ठिकाणी यादीचा मालक कुणालाही परस्पर आत घेऊ शकायचा. नव्या ठिकाणी प्रत्येकाला एक मेल जाणार, 'तुम्हाला या यादीत राहायचं आहे का?' त्यातल्या ओळीवर दाबून ज्याने त्याने स्वतः हो म्हणायचं. नावं चढवल्यापासून पंधरा दिवसांत हो आलं नाही तर नाव आपोआप गळणार.

सेक्रेटरींना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी वही उघडून माझ्यापुढे ठेवली. मग कामाला लागले. यादी दोनशे अकरा नावांची. त्यांनी नावावर बोट ठेवायचं आणि मी मेल सोडायची. संध्याकाळी माझ्याच फोनवरून एकेकाला विचारायचे, हो दाबलंस काय? ज्यांना जमत नव्हतं त्यांच्या घरी बस बदलत जायचे आणि समोर बसून दाबून घ्यायचे. विरारच्या एका म्हातारीने मेलला नमस्कार करून मग दाबलं, हे त्यांनीच मला सांगितलं. आठवड्याभरात एकशे ऐंशीच्या वर माणसं नव्या सर्व्हरवर आली.

एका नावावर मात्र बोट थांबायचं आणि पुढे जायचं. सुनंदा नावाच्या कुणा बाईचा पत्ता होता तो. मी विचारलं, याला पाठवू? म्हणायचे, थांब. दुसऱ्या दिवशी परत थांब. दहा दिवस झाले, अकरा झाले. जुन्या यादीत हे नाव त्यांनीच पहिल्या दिवशी माझ्याकडून घालून घेतलं होतं, तिकडून कधी एका ओळीचं उत्तर आलेलं नव्हतं. शेवटी माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, सेक्रेटरी, एका माणसासाठी किती दिवस थांबायचं? पाठवायचं नसेल तर सरळ गळू द्या. तुमच्या यादीत नाही तरी कोण बघतंय तिला?

त्यांनी बोट काचेवरून काढलं आणि हात मांडीवर ठेवला. मग सांगितलं. मी आजही तो आवाज विसरलेली नाही, कारण त्यात आवाज असा नव्हताच.

सुनंदा ही भिवाची मुलगी. भिवा आणि सेक्रेटरी एका वाडीतले, गिरणीत एकाच खात्यात शेजारशेजारच्या सांच्यांवर, म्हणजे मागांवर, खोलीत ट्रंकेला ट्रंक लागून. संपाच्या दुसऱ्या वर्षी सुनंदा सहा महिन्यांची होती आणि न्युमोनियाने हॉस्पिटलात पडली होती. भिवा गुपचूप फाटकातून आत गेला, कामावर. त्या दिवसांत ते काय पाप होतं, हे ज्यांनी ते दिवस पाहिले त्यांनाच कळेल. माझे वडीलही संपातच घरी बसले, मी कुणाला नावं ठेवत नाही. मंडळाची सभा भरली. सगळे म्हणाले, नाव कापा. रजिस्टर सेक्रेटरींच्या हातात होतं. लाल शाईने त्यांनीच रेघ मारली. भिवाची ट्रंक बाहेरच्या व्हरांड्यात गेली आणि त्याच्याशी बोलणं बंद झालं.

महिन्याभरात गावाहून तार आली. भिवाची आई गेली होती. तार नेहमीप्रमाणे मंडळाच्या पत्त्यावर, घेतली सेक्रेटरींनी. भिवा तेव्हा नायगावला बायकोच्या नातलगांकडे राहत होता, चालत गेलं तर वीस मिनिटं. सेक्रेटरींनी तार खिशात ठेवली. नाव कापलेल्याला निरोप न्यायचा की नाही, हे ठरवायला त्यांना दीड दिवस लागला. ते नायगावला पोचले, भिवा गावाला पोचला, तेव्हा सगळं उरकलं होतं. त्याला आईचं तोंड बघायला मिळालं नाही.

त्यानंतर भिवा मंडळातल्या कुणाशी बोलला नाही आणि गावालाही गेला नाही. ते बंद घर त्याचं. वासा सेक्रेटरी बदलून घेत होते. सुनंदा मोठी होऊन शिकवण्या घ्यायला लागली, तिच्या जाहिरातीच्या कागदावर मेलचा पत्ता होता, तो त्यांना दादरच्या बाजारात मिळाला आणि त्यांनी न विचारता तिला यादीत घालून टाकलं. चार वर्षं पत्रं जात होती. तिकडून 'नाव काढा' असं एकदाही आलं नव्हतं. सेक्रेटरींनी तेवढ्यावर चार वर्षं काढली होती. भिवा ऐकतोय, असं धरून ते लिहीत होते. आणि आता हा नवा सर्व्हर त्याला सरळ विचारणार होता, की राहायचंय की नाही.

मला रडू आलं आणि त्याचा रागही आला. मी म्हटलं, सेक्रेटरी, सर्व्हर आपल्याच माणसाचा आहे. पुण्याला फोन करते, एक नाव तो आतून घालून देईल. कुणाला कळणारसुद्धा नाही.

"एकदा न विचारता कापला," ते म्हणाले, "एकदा न विचारता घातला. आता विचारूया, बाय."

पण मेल पाठवायला तयार नाहीत. त्यांच्या मंडळाची रीत अशी की ज्याने नाव कापलं त्यानेच नारळ घेऊन दाराशी जायचं. घरच्याने नारळ आत घेतला की माणूस मंडळात परत आला. म्हणून त्यांनी मला ती 'हो म्हणा' वाली मेल कागदावर छापायला लावली, तिच्यातल्या लांबलचक ओळीखाली पट्टी धरून पेन्सिलीने रेघ मारली आणि म्हणाले, हे नारळाबरोबर देतो, त्याने इथे दाबलं की झालं. मी कपाळाला हात लावला. कागदावर दाबून काय होणार होतं? पण त्या चेहऱ्याकडे बघून मला ते समजावता आलं नाही. बटण कुठलं ते विसरायला होईल म्हणून मीही बरोबर यायचं, असं ठरलं.

भिवाचं घर शीवला होतं, हॉस्पिटलच्या मागच्या बाजूला सरकारी वसाहतीत. दार सुनंदानेच उघडलं. भिवा खाली बसून सुपात सुकट निवडत होता. त्याने वर पाहिलं, ओळखलं, आणि परत सुपाकडे बघितलं. मुलीला म्हणाला, पाणी दे त्यांना. आम्ही पाणी प्यालो, चहा प्यालो. सेक्रेटरींनी नारळ आणि त्याच्यावर तो कागद दोघांच्या मधे ठेवला आणि दाबायचं कसं ते भिवाला समजावून सांगितलं. सुनंदाने कागद बघितला, माझ्याकडे बघितलं, आणि हसली नाही. त्याबद्दल मी तिची जन्मभर ऋणी आहे.

मग भिवा बोलला. दर रविवारी पोरगी पत्रं वाचून दाखवते, म्हणाला. वासा बदलल्याचं कळलं. आंब्याचं कळलं. सेक्रेटरींचा चेहरा उजळला.

"आयकूक बरा वाटता," भिवा म्हणाला. "पण नाव नको माका."

सेक्रेटरींनी विचारलं, मग चार वर्षं काढून टाक का म्हणाला नाहीस?

"कोणी विचारूक नव्हता. आता विचारतंस म्हणून सांगतंय. हो म्हटलंय तर आवशीक काय सांगू?"

आवशीक म्हणजे आईला. तो रागावून म्हणाला असता तर बरं झालं असतं. तो हिशेब सांगावा तसं म्हणाला आणि पुन्हा सुकट निवडायला लागला. सुनंदाचा हात नारळाकडे गेला होता, बापाने नुसतं बघितलं तसा तिने तो मागे घेतला. सेक्रेटरी उठले, नारळ उचलला, कागद घडी करून खिशात घातला. दारात त्यांना चप्पल पायात घालता येईना. मी वाकून सरळ करून दिली.

मी नंतर त्यांना म्हटलं, नाव नको म्हणाला, पत्रं नको म्हणाला नाही. आपण त्याला एकट्याला वेगळी पाठवू. ते नाही म्हणाले. त्याने तोंडाने सांगितलंय, तेवढं तरी ऐकू दे.

पंधराव्या दिवशी ते दोन वाजताच येऊन बसले. यादी नव्याने उघडली तेव्हा ते नाव नव्हतं. त्यांनी मला विचारलं, कुणी कापलं? मी म्हटलं, कुणी नाही हो, मुदत संपली, आपोआप गेलं. ते म्हणाले, "आपोआप काय नसता, बाय." मग उरलेली नावं वरपासून खालपर्यंत मोजली. त्या दिवशी मी यादी अगदी हळू सरकवली.

पत्रं पुढेही येत राहिली, नव्या सर्व्हरवरून, आता मराठी अक्षरांत. शेवटी बंद घराची हकिगत तशीच. कौलं शाकारली. आंबा यंदा धरला नाही. ज्याच्यासाठी लिहायचं तो सोडून सगळ्यांना ते पोचत होतं. हे मला दिसत होतं, पण मी एव्हाना टोकायचं सोडलं होतं. ते आता काचेला बोटही लावत नव्हते.

पुढच्या वर्षी, उत्सवाच्या आठवडाभर आधी सेक्रेटरी गेले. सकाळी चहा घेऊन खुर्चीत बसले ते उठले नाहीत. ते भोईवाड्यात ज्या पुतण्याकडे राहायचे त्याने मला फोन केला आणि म्हणाला, यादीवर तुम्हीच टाका. मी रडत रडत क्लास उघडला. चार ओळी लिहिल्या, कुठून निघणार, किती वाजता. बटण दाबलं. तीन तासांत भोईवाड्याच्या त्या गल्लीत उभं राहायला जागा नव्हती. पनवेलहून आले, विरारहून आले, दुबईहून फोन आले. सगळे म्हणत होते, काय झटपट निरोप पोचला हो. खोटं कशाला बोलू, त्या गर्दीत उभं राहून मला अभिमान वाटला. म्हाताऱ्याचं काम मी चोख केलं असं वाटलं. बायका जवळ घेऊन सांत्वन करत होत्या तेही मी घेतलं.

तेरावं होऊन गेल्यावर एका दुपारी जिन्यावर पावलं वाजली, सावकाश, मधे थांबत थांबत. भिवा होता. एकटाच आला होता, कठड्याला धरून दम घेत होता. मी खुर्ची पुढे केली, तो बसला नाही. आदल्या दिवशी सुनंदाला बाजारात गावचं कुणीतरी भेटलं, त्यातून समजलं, म्हणाला.

"कळवायचंस, बाय. शेवटचं तोंड तरी बघितलं असतं त्याचं."

माझ्या तोंडून निघून गेलं, "तुमचं नाव यादीत नव्हतं."

बोलले आणि माझं मलाच ऐकू आलं. त्याने मान हलवली, माझं म्हणणं बरोबर आहे अशी.

"नव्हतं. मीच नको म्हटलेलं," तो म्हणाला. "पण तुला घर माहीत होतं."

माहीत होतं. हॉस्पिटलच्या मागे, दुसरा जिना, पहिल्या मजल्यावर डावीकडचं दार. लालबागहून बसने अर्धा तास.